फेस्टी रुआनचं ताट

आमच्या नॉकाव्हीनच्या दुकानात आता नारिंगी भोपळे येतात. ऑक्टोबर संपत आला की दाराशी ढीग लागतो आणि पोरं प्लॅस्टिकचे सुळे लावून गोळ्या मागत हिंडतात. आमचाच साविनचा सण बोटीत बसून अमेरिकेला गेला आणि भोपळा होऊन परत आला, असं मी म्हणतो. नात म्हणते, "आजोबा, दरवर्षी तेच तेच काय लावलंय?" मग मी गप्प बसतो. म्हणजे थोडा वेळ.

आम्ही सलगम कोरायचो. एकदा कोरून बघा म्हणजे कळेल. मनगटाचा पार भुगा होतो. आत मेणबत्तीचा तुकडा लावला की असं काही थोबाड दिसतं की कोरणाराच दचकतो. पण ते राहू दे. मला सांगायचंय डिलिया रुआनबद्दल, आणि तिची गोष्ट साविनच्या सणाशिवाय सांगता येत नाही.

मी मॅलकी डर्कन. एकेचाळीस वर्षं मी या भागात टपाल वाटलं, त्यातली बहुतेक हिरव्या सायकलवरून. कोणाच्या घरी काय येतं हे पोस्टमनला कळतं, आणि काय येत नाही हे तर जास्तच कळतं. डिलियाच्या घरी अकरा वर्षं एक पत्र आलं नाही. ते मी रोज दिलं नाही, असंच म्हणा ना.

तिचा नवरा फेस्टी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं, आणि सत्तेचाळीसच्या त्या मोठ्या बर्फात त्यांची गाय मेली. बर्फ वितळल्यावर फेस्टी इंग्लंडला बोगदे खणायला गेला. आमच्याकडचे सगळेच जायचे. बाकीच्यांची पत्रं यायची, नाताळला माणसं यायची. फेस्टीचं काहीच आलं नाही. घरात राहिल्या दोघी, डिलिया आणि तिची सासू ऑनर. दोघींच्या जिभांना धार होती, आणि ती घासायला दुसरं माणूस घरात नव्हतं.

डिलिया तेव्हा पंचविशीची. उंच, ढांगा टाकत चालणारी, पायात बारा महिने पुरुषी बूट. कोंबड्या पाळायची, अंडी विकायची, आणि साविनला अख्ख्या गावाचे ब्रॅक तीच भाजायची. ब्रॅक म्हणजे मनुका घातलेला गोड पाव. त्यात अंगठी, चिंधी, वाटाणा आणि काडी घालून भाजायचा. ज्याच्या घासात अंगठी, त्याचं वर्षात लग्न. वाटाणा आला तर बसा वाट बघत. चिंधी म्हणजे दारिद्र्य. आणि काडी आली तर संसारात मारामारी, म्हणजे काडी ज्याला सापडली त्यानेच मार खायचा. डिलियाच्या हातचा ब्रॅक इतका मऊ असायचा की चिंधी आली तरी माणूस चाटून परत द्यायचा.

साविन म्हणजे उन्हाळ्याचा शेवट. गुरं डोंगरावरून खाली आलेली असतात, बटाटे निघालेले असतात. रानातली काळी बोरं त्या दिवसानंतर कोणी खात नाही, कारण पूका येऊन त्यांच्यावर थुंकून जातो. पूका कोण, ते मला विचारू नका, भेटला तर तुम्हाला कळेलच. जुन्या लोकांचं वर्ष अंधारापासून सुरू व्हायचं. एक वर्ष संपलं आणि दुसरं लागलं नाही, अशी ती एक रात्र, तिचं दार म्हणे किलकिलं राहतं. त्यातून घरचे मेलेले घरी जेवायला येतात. आमचे फादर चर्चमध्ये सांगायचे की हा सगळ्या संतांचा सण आहे. ऑनर म्हणायची, "संत मागाहून आले. आमची माणसं आधीपासून येतात."

त्यांना जेवायला घालायची रीत सोपी आहे. विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा. दाराला कडी घालायची नाही. टेबलावर घरच्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं ताट मांडायचं: सालासकट उकडलेले तीन बटाटे, मीठ, लोणी, ब्रॅकचा एक तुकडा, आणि ज्याचा त्याचा कप. मग लवकर निजायचं, तोंड भिंतीकडे करून. काही वाजलं, काही हललं तरी बघायचं नाही आणि हाक मारायची नाही. मेलेल्या माणसाला कोणी बघितलेलं आवडत नाही. सकाळी ताटं होती तशीच असतात, कारण ते अन्नाचा कस तेवढा घेतात. उरलेलं कोंबड्यांना घालायचं. जिवंत माणसाने त्यातला कण खायचा नाही.

आता रुआनांच्या घरातली भानगड तुमच्या लक्षात आली असेल. फेस्टीच्या बापाचं, म्हाताऱ्या मार्टिनचं ताट तर लागायचंच. फेस्टीचं मांडायचं की नाही?

पहिली दोन वर्षं प्रश्न नव्हता. तिसऱ्या वर्षी ऑनरने मांडलं. डिलियाने उचललं.

"माझा पोरगा जिवंत असता तर त्याने मला पत्र टाकलं असतं," ऑनर म्हणाली. "आईला विसरणारा नाही तो. म्हणजे गेलाच."

"तुमच्या पोराला लिहायचा आळस," डिलिया म्हणाली. "मेला असता तर कोणीतरी कळवलं असतं. कळवलं नाही, म्हणजे खुशाल आहे."

"आणि गेला असेल तर? एवढ्या लांबून येईल आणि आपलं ताट नाही हे बघून उपाशी परत जाईल. चालेल तुला?"

"आणि जगला असेल तर? जित्या माणसाचं ताट मेलेल्यांत मांडायचं? तो अपशकुन तुम्हाला चालेल?"

हे भांडण मी माझ्या कानांनी ऐकलंय, कारण तेव्हा मी तिथेच ब्रॅक न्यायला उभा होतो आणि तो मला कोणी देत नव्हतं. दरवर्षी हेच. म्हातारी मांडायची, सून उचलायची. गावात लोक हसायचे. मीही हसायचो. पण एकदा डिलिया मला फाटकाशी म्हणाली, "मॅलकी, मला नवरा नसला तरी चालेल रे. विधवा झाले तरी चालेल. पण मी कोण आहे ते मला कोणीतरी सांगा." त्यानंतर मी हसलो नाही.

अठ्ठावन्नच्या ऑगस्टमध्ये ऑनर गेली. शेवटच्या दिवशी तिने सुनेचा हात धरला आणि म्हणाली, "साविनला माझं ताट मांडशील, तेव्हा शेजारी त्याचं मांड. उपाशी बसलेल्या पोराशेजारी मला घास गिळवणार नाही." मरणाऱ्या माणसाशी काय भांडणार? डिलियाने शब्द दिला.

आणि तो पाळला. त्या साविनला संध्याकाळी मी ब्रॅक न्यायला गेलो, तेव्हा टेबलावर तीन ताटं होती. मार्टिनचं, ऑनरचं, आणि तिसऱ्याशी कान तुटलेला निळा मग. तो फेस्टीचा, अकरा वर्षं फडताळात पालथा पडून होता. मी मगाकडे बघितलं. ती म्हणाली, "बघतोस काय? आजपासून मी विधवा. तुझा ब्रॅक घे आणि जा." मी गेलो.

दुसऱ्या दिवशी संतांचा सण. अशा दिवशी टपाल भल्या पहाटे वाटून चर्चच्या प्रार्थनेला, म्हणजे मासला, पोचायचं, ही माझी पद्धत. पुलावर मला एक माणूस समोरून येताना दिसला. कॉलर वर, टोपी खाली, तोंडाला काळं फासल्यासारखा मळ. आदल्या रात्री तोंडं काळी करून, अंगावर पेंढा बांधून पोरं घरोघर नाचायला जातात, त्यातलाच कोणी पिऊन उशिरा घरी चाललाय असं मला वाटलं. मी म्हटलं, "रात्र संपली बाबा, तोंड धू." त्याने टोपी आणखी खाली ओढली. तोंड फिरवून गेला.

डिलियाच्या घरी त्या दिवशी खरंच एक पत्र होतं, तिच्या चुलतबहिणीचं, बॉस्टनहून. मी फाटकात शिरलो तर ती दारातच उभी, हातात ताट. पत्राकडे बघितलंसुद्धा नाही.

"मॅलकी," ती म्हणाली, "मेलेली माणसं बटाट्याची सालं काढतात का?"

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं. "माझ्या ऐकिवात नाही," मी म्हटलं.

आत दोन ताटं होती तशी होती. हातातलं तिसरं चाटूनपुसून साफ होतं, आणि कडेला तीन सालं. तुकडे नव्हेत, प्रत्येक बटाट्याचं साल अखंड, लांब पट्टी सोडवून गुंडाळी केलेली. फेस्टी तसंच सोलायचा, अंगठ्याच्या नखाने, सावकाश, आणि ऑनर त्याला ओरडायची की तू सोलेपर्यंत लोकांची जेवणं होतात. सालांशेजारी एक काडी होती. ब्रॅकमधली. चोखून स्वच्छ केलेली.

"रात्री मी ऐकलं," डिलिया सांगायला लागली. "खुर्ची सरकली. मी भिंतीकडे तोंड करून पडले. कोणीतरी खोकलं. मला वाटलं, मेलेल्याला खोकला कसा? मग म्हटलं, सासरे छातीच्या दुखण्यानेच गेले, असेल त्यांचा. नंतर कोणीतरी कितीतरी वेळ नुसतं बसून राहिलं. माझ्या मनात आलं, उठावं. पण बघायचं नसतं ना. मी उठले नाही, मॅलकी. मी रीत पाळत बसले."

तेव्हा माझ्या डोक्यात पुलावरचा माणूस आला. मी सांगून होईपर्यंत तिने काडी कोटाच्या खिशात टाकली, ताट माझ्या हातात दिलं आणि माझी सायकल धरली.

"डिलिया, ती सरकारी सायकल आहे. परक्या माणसाने—"

"पहिली गाडी कितीला?"

"सव्वाआठ. अगं, पण थैली—"

थैली तिने उचलून माझ्या पायाशी टाकली आणि पुरुषी सायकलवर टांग मारून ती गेली. मासचा चांगला स्कर्ट, पायात ते बूट, डोक्याला काही नाही. मी हातात मेलेल्याचं ताट घेऊन अंगणात उभा. राहिलेली बारा घरं मी चिखलातून पायी वाटली, माझा मास चुकला, फादरनी ऐकवलं आणि पोस्टात वेगळी हजेरी झाली. ते सगळं मी गिळलं. पण एवढ्या वर्षांत डिलियाने त्याबद्दल एकदा सॉरी म्हटलेलं नाही, हेही नमूद करतो.

स्टेशनवर काय झालं ते मी पाहिलं नाही. पण डिलियाकडून ऐकलंय, फेस्टीकडून ऐकलंय आणि हमालाकडून ऐकलंय, आणि तिघांचं जेवढं जुळतं तेवढंच सांगतो.

फेस्टी बाकावर बसला होता. इंग्लंडातल्या दारूच्या दुकानात त्याला आमच्याकडचा एक माणूस भेटला होता आणि बोलता बोलता म्हणाला होता, तुझी म्हातारी ऑगस्टात गेली. तो तसाच उठून बोटीत बसला. साविनच्या संध्याकाळच्या गाडीने उतरला, सात मैल चालला, घरी पोचला तेव्हा घर अंधारात. दाराला कडी नाही. आत गेला, राख सारली, विस्तवाच्या उजेडात तीन ताटं बघितली, आणि तिसऱ्याशी आपला मग.

डिलिया सायकल भिंतीला टेकवून त्याच्यासमोर उभी राहिली. अकरा वर्षांनी. तिला दम लागला होता.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला नाही. "तू माझं ताट मेलेल्यांत मांडलंस, डिलिया."

"तुझ्या आईला शब्द दिला होता. नऊ वर्षं मी ते उचललं. दरवर्षी. तिच्याशी भांडून उचललं. ह्याच वर्षी मांडलं आणि ह्याच वर्षी तू तडमडलास."

"मला वाटलं, बरंच झालं," फेस्टी म्हणाला. "पहिल्या वर्षी पाय मोडून पडलो होतो, काय लिहिणार? दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची लाज. मग लाजेवर लाज चढत गेली. ताट बघितलं आणि वाटलं, हिने मला पोचवलंय, हिचं मिटलंय. आता मी जिवंत आहे हे सांगायला कुठल्या तोंडाने उठवू?"

"जेवायला बरं होतं तोंड."

"भूक लागली होती," तो म्हणाला. "सात मैल चाललो होतो."

मग म्हणे ती हसली. हमाल सांगतो की हसली आणि डिलिया सांगते की मुळीच नाही. पण एवढं खरं की तिने कोटाच्या खिशातून ती काडी काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"ही तुझ्या घासात आली ना?"

"आली."

"मग मार कोणी खायचा?"

गाडी आली, तिकिटाचे पैसे वाया घालवून गेली. फेस्टी सायकल हातात धरून चालत होता आणि डिलिया त्याच्या शेजारून सात मैल बोलत होती. अकरा वर्षांचं बोलणं होतं, सात मैल कुठले पुरायला.

एकोणतीस वर्षं ती दोघं त्यानंतर राहिली. सुखाने, असं मी म्हणणार नाही. काडी आपलं काम चोख करत होती. त्यांची भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू यायची आणि मी मुद्दाम हळू सायकल मारायचो. मूल झालं नाही. गाय घेतली, मग दोन. फेस्टीला इंग्लंडचं नाव काढवत नसे. दर साविनला दोन ताटं लागायची, मार्टिनचं आणि ऑनरचं, आणि फेस्टी आपलं ताट घेऊन हट्टाने विस्तवाशेजारी बसायचा, टेबलापासून लांब. "त्या टेबलावर मी एकदा जेवलोय," म्हणायचा, "पुरे झालं." आणि बटाटा सोलायला घ्यायचा, इतका सावकाश की डिलिया, अगदी सासूच्या शब्दांत, म्हणायची, "तू सोलेपर्यंत लोकांची जेवणं होतात."

सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये फेस्टी गेला. बोगद्यातली धूळ छातीत बसली होती, ती शेवटी उठली. अंत्यविधीला डिलिया रडली नाही. लोक म्हणाले, घट्ट आहे बाई. मीही तेच म्हणालो.

त्या साविनला तिने ब्रॅक भाजले, नेहमीसारखे. तिन्ही ताटं मांडली. ह्या वेळी तिच्याशी भांडायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. टपाल नव्हतं, मी निवृत्त झालो होतो, पाय आपोआप तिकडे वळले एवढंच. दाराला कडी नव्हती. डिलिया टेबलाशी उभी होती, त्याच बुटांत. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"ऐकत पडले होते," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून नाही. दाराकडे. रीत गेली खड्ड्यात. त्या वेळी उठले नाही, आज उठायचं ठरवूनच पडले होते."

मी टोपी काढली.

"खुर्ची सरकली नाही, मॅलकी. कोणी खोकलं नाही."

निळ्या मगाशेजारच्या ताटात तीन बटाटे होते, सालासकट, रात्री ठेवले तसे. लोणी थिजलेलं. ब्रॅकचा तुकडा अखंड. कस त्याने घेतला असेल तर असेल. रीतीप्रमाणे सगळं बरोबर होतं, मेलेला माणूस जेवून जावा तसंच.

"सालसुद्धा काढलं नाही रे," डिलिया म्हणाली, आणि खुर्चीत बसून रडायला लागली. एप्रिलपासून राहिलेलं रडणं होतं. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. बाहेर कोंबड्या खुराड्यात दंगा करत होत्या, त्यांना ठाऊक होतं की आज ताटं आपली.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, फेस्टीचं ताट पुढे ओढलं आणि एक बटाटा उचलला. अंगठ्याच्या नखाने सोलायला लागली. तिला ते जमत नव्हतं. साल तुटत होतं. मेलेल्याचं अन्न जिवंत माणसाने खायचं नसतं हे मी तिला सांगू शकलो असतो. तिने तिन्ही बटाटे खाल्ले, मीठ लावून, आणि मी खुर्ची ओढून ते होईपर्यंत तिच्यासमोर बसलो.